डाव्या हाताचा बुरूज

मार्च लागला की आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मारुतीचे दिवस पालटतात. वर्षभर त्याच्यासमोरून सायकली दामटत जाणारी मुलं अचानक चपला काढून फेऱ्या घालायला लागतात. कुणाच्या अकरा, कुणाच्या एकवीस. गणिताच्या पेपरला जरा जास्तच. ओठ हलत असतात. स्तोत्र म्हणतात की सूत्रं घोकतात, ते मी कधी विचारलेलं नाही. मी कट्ट्यावर बसून नुसती बघते आणि दरवर्षी मला एकच प्रश्न पडतो, की यातल्या एकालाही उलट्या बाजूनं फिरून बघावंसं वाटत नसेल का?

वाटत नसणारच. मला तरी कुठं वाटलं होतं.

यंदा माझी भाची स्वरा दहावीला आहे. तिचा टीव्हीला जोडायचा खेळ तिच्या आईनं, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीनं, कपाटात साड्यांच्या खाली कुलपात ठेवलाय. मग ही बया अभ्यासाच्या नावाखाली माझ्याकडं येते आणि पेपर संपल्यावर कुठला खेळ घ्यायचा याच्या याद्या फोनवर वाचत बसते. परवा म्हणाली, "मावशी, पन्नास नावं हायत बघ. कुठला घिऊ?" माझ्याकडून उत्तर येईल असं तिला अजिबात वाटलं नव्हतं. मी रिमोटची बटणं चुकते, हे तिला पक्कं माहीत आहे.

"ह्यातला नको," मी म्हटलं. "एक खेळ मला म्हाईत हाय. तसला पुन्हा बघितला न्हाय मी."

स्वरानं फोन खाली ठेवला. एवढ्यासाठीसुद्धा त्या खेळाचे आभार मानायला हवेत.

"नाव सांग की."

"नाव न्हाय ठाऊक."

"कंपनी?"

"ती बी न्हाय. डबा नव्हता, कागद नव्हता. कॅसेटवर कसलीशी परकी अक्षरं हुती, आमच्यात कुणालाच वाचता आली न्हाईत."

"मग मी काय डोंबल शोधू?"

तिचं बरोबर आहे. पण बिननावाच्या गोष्टीची शिफारस करू नये असा काही नियम नाही. म्हणून हे लिहितेय. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या जुन्या पेटीत तो खेळ अजून पडलेला असेल तर काढा. धूळ पुसा. खेळा.

ऐंशीच्या दशकातला मधला कुठला तरी मार्च. आमच्या घरापासून तिसरं घर रहीमचाचांचं. पुढं शिलाईचं दुकान, मागं घर. त्यांची नसीम माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर. तिचा थोरला भाऊ सलीम आखातात पाइप जोडायच्या कामावर होता आणि त्या वर्षी जानेवारीच्या शेवटाला दोन महिन्यांच्या रजेवर आला होता. त्याच्या सामानात एक खोकं होतं. त्यात तो खेळ.

खोकं त्याचं नव्हतंच. त्याच्या खोलीत राहणाऱ्या एका आजऱ्याच्या माणसानं आपल्या पोरांसाठी दिलं होतं. सलीमभाईनं ते फक्त पोचवायचं. पण इतक्या लांबून आणलेली वस्तू प्रवासात बिघडली असली तर? "चालतंय का न्हाय ते बघून दिऊया, उगं पावण्यांचा विरस नको," असं म्हणून त्यानं ती टीव्हीला जोडली. ही तपासणी सात आठवडे चालली.

मार्चच्या दुपारी आमच्या गल्लीला स्वतःचा असा वास असायचा. पलीकडच्या बोळातल्या डंकावर वर्षाच्या चटणीची मिरची कुटायला सुरुवात झालेली असायची. तो खकाणा वाऱ्यावर यायचा आणि घराघरांतून शिंका ऐकू यायच्या. मोठ्या रस्त्यावरून उसाच्या शेवटच्या गाड्या जायच्या. आमच्या घरी वडील कचेरीतून येईपर्यंत पंखा लावायचा नाही असा दंडक होता. रहीमचाचांकडं मात्र पंखा, टीव्ही आणि शिलाई मशीन तिन्ही एकदम चालायची. अजूनही कुठं मिरची कुटल्याचा वास आला की मला त्या खेळातले तीन सूर ऐकू येतात. त्याला तीनच सूर होते. फिरून फिरून तेच. कंटाळा कसा आला नाही, कोण जाणे.

खोक्यात कॅसेटी तीन होत्या. एकीत विमानं पाडायची, एकीत चेंडूनं भिंत फोडायची. गल्लीतली सगळी पोरं या दोन्हींवर तुटून पडायची. तिसरी लावली की पाच मिनिटांत घर रिकामं. "ह्यात काय हुईतच न्हाय की रं," असं म्हणत सगळी निघून जायची. राहायचो आम्ही दोघी, आणि खाटेवर आडवा झालेला सलीमभाई.

काहीच होत नाही, हे खरंच होतं. पडद्यावर पायघोळ झगा घातलेली एक इवलीशी बाई घराच्या दारातून बाहेर पडायची, बस्स. ती कोण, कुठं निघालीय, कशासाठी, काही कळायचं नाही. गुण नाहीत, घड्याळ नाही, मरण नाही. नदीत पडली तर पुढच्या काठावर अंग झटकत उठायची. हातात एका वेळी एकच वस्तू धरता यायची. शिडी घेतली तर घंटा खाली ठेवावी लागे, आणि मग ती घंटा कुठल्या झाडाखाली ठेवली होती ते आठवत बसायचं. एका पुलावर एक अवाढव्य प्राणी आडवा झोपलेला असायचा; अंगावर खवले, नाकातून धूर. विमानं पाडणारी पोरं विचारायची, "ह्याला मारायचं कशानं?" मारायचं नव्हतंच. समोर उभं राहून घंटा वाजवली की तो डोळे उघडायचा, जांभई द्यायचा आणि सरकून वाट द्यायचा. पहिल्यांदा तो सरकला तेव्हा मी आणि नसीम एकमेकींकडं बघतच राहिलो. त्याच्याशी भांडण नव्हतंच, हे कळायला आम्हाला चार दिवस लागले होते.

टीव्ही काळापांढरा. त्यामुळे बाईच्या झग्याचा रंग हा आमच्यातला कायमचा वाद होता. माझ्या मते हिरवा, नसीमच्या मते डाळिंबी. नसीमची अम्मी स्वयंपाकघरातून विचारायची, "पावणी पोचली काय गं?" अनोळखी माणूस म्हटलं की आमच्याकडं तो पावणाच, त्यामुळे तिचं नाव पावणी पडलं ते पडलंच. रोज तोच प्रश्न आणि रोज आमचं तेच उत्तर, "न्हाय अजून."

कारण खेळ जिथं सोडला तिथून पुन्हा सुरू होत नसे. खेळाची मशीन बंद केली की पावणी परत आपल्या दारात. सोमवारी तर वीजच नसायची, आणि इतर दिवशीही कधी जाईल याचा भरवसा नाही. पावणीला चालवायची दांडी कायम माझ्या हातात, कारण माझा हात चपळ होता. नसीम शेजारी आलेखाची वही घेऊन बसायची. पावणीचं एक पाऊल म्हणजे वहीतला एक बारका चौकोन. पावलं मोजत, ओठ आवळून ती सगळा मुलूख कागदावर उतरवायची. नदी, पूल, काटेरी रान, तीन विहिरी. पान पुरलं नाही की दुसरं चिकटवायचं. पान संपलं तरी माप बदलायचं नाही. मी वैतागून म्हणायचे, "अगं, अंदाजानं काढ की!" ती म्हणायची, "अंदाजानं काढल्यावर ती घरला जाईल कशी?"

ही नसीमची खोड घरातून आलेली. रहीमचाचा खाकी कागदावर खडूनं बेतायचे, आणि लहानपणापासून ती त्यांच्या पायाशी बसून कागदाचेच सदरे बेतत आली होती. पण तिला कपड्यांत रस नव्हता. एकदा शाळेच्या नव्या खोल्यांचं काम चालू असताना तिनं इमारतीचा निळा नकाशा बघितला होता, आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात आयटीआयचा नकाशे काढायचा कोर्स बसला होता. मुली घेतात की नाही, हेही आम्हाला ठाऊक नव्हतं.

घरात मात्र दुसरंच शिजत होतं. इचलकरंजीचं एक स्थळ सांगून आलं होतं. माणसं चांगली, घरचे कापडाचे माग. चाचा म्हणाले होते, "सलीम जायच्या आधी ठरवूया." सगळा भार सलीमभाईवर. आणि तो नसीमनं विचारलं की "बघू" म्हणायचा, अम्मीनं विचारलं की "बघू" म्हणायचा, आणि खाटेवर कूस बदलायचा. वाईट नव्हता तो. आठ वर्षं परमुलखात राबलेला माणूस दोन महिन्यांसाठी घरी आला होता, आणि त्याला कुणाचंच मन मोडायचं नव्हतं.

"तुझा निकाल जूनमधी," नसीम एकदा मला म्हणाली. "माझा मार्चमधीच लागणार हाय."

मी तिचा पेन्सिलवाला हात धरला, तेवढंच.

आम्ही अडलो ते बुरुजापाशी. उत्तरेच्या माळावर एक गोल बुरूज होता, वरून बघितल्यासारखा दिसणारा. त्याला दार नव्हतं. भोवती फिरायला वाट होती, म्हणजे फिरायचं हे उघड होतं. आम्ही फिरलो. एक फेरी घातली की माळावर धुकं यायचं. दुसरीला दाट व्हायचं. तिसरीला पावणी दिसेनाशी व्हायची आणि पुन्हा नदीकाठी उठायची. आम्ही शिडी घेऊन फिरलो, घंटा घेऊन फिरलो, हात रिकामे ठेवून फिरलो. पाच फेऱ्या, सात फेऱ्या. जवळजवळ पंधरा दिवस. शेवटी मीच जाहीर केलं की कॅसेट खराब आहे. आपल्याला जमलं नाही की वस्तू खराब असते.

मग परीक्षा सुरू झाली. बीजगणिताचा पेपर देऊन आलो त्या दुपारी अम्मीनं सांगितलं, "सलीम उद्या सकाळच्या एसटीनं आजऱ्याला जातोय, खोकं द्यायला." त्यानंतर दोन दिवसांनी तो मुंबईला, आणि तिथून विमानानं. भूमिती आणि भूगोल, दोन पेपर राहिले होते. भूगोलाचं पुस्तक मांडीवर उघडं ठेवून आम्ही शेवटचं म्हणून खेळाची मशीन लावली. सलीमभाई खाटेवर. दुकानातून शिलाई मशीनची घरघर. डंकाचा दणका.

पावणी बुरुजाशी पोचली. मी नेहमीसारखी फिरवायला लागले.

"थांब," नसीम म्हणाली. "वर बघ. पाखरं."

बुरुजावर चार ठिपके फिरत असायचे. पाखरं असावीत. ती आम्ही शंभरदा बघितली होती.

"ती हिकडनं तिकडं फिरत्यात," तिनं बोटानं हवेत गोल काढला. "आन आपण तिकडनं हिकडं. कधीपासनं आपण एकाच अंगानं फिरतोय बघ. उलटी फिरीव."

आणि इथं मी जे केलं ते आठवून मला अजून हसू येतं, आणि जरा लाजही वाटते. मी दांडी सोडली आणि दोन्ही हात मागं घेतले.

"मी न्हाय! उलटी प्रदक्षिणा घालायची नसती. भूमिती ऱ्हायलीय माझी!"

"टीव्हीतल्या बुरुजात कुठला देव बसलाय गं?"

"असला तर?"

सलीमभाई उठून बसला. दोन महिन्यांत त्याला इतकं हसताना मी बघितलं नव्हतं. पण थट्टा संपल्यावर तो शांतपणे म्हणाला, "आमचे आजोबा हजला जाऊन आलते. ते सांगायचे, तिथं अल्लाचं घर डाव्या हाताला ठेवून फिरत्यात. खेळाची आन त्याची बरोबरी करायची न्हाय. पण उलटं म्हंजी वाईट, असं काय नसतंय पोरी."

मला हे तोपर्यंत माहीतच नव्हतं. लहानपणापासून आईचा धाक होता, देव उजव्या हाताला पाहिजे. आमच्यातलं कुणीही असं गोल काही दिसलं की त्याच बाजूनं वळणार; पायच वळतात, विचार करावा लागत नाही. आमच्यापासून तिसऱ्या घरात राहणाऱ्या माणसांच्या आठवणीत दुसऱ्या बाजूनं फिरणंही तितकंच आदराचं होतं, आणि सोळा वर्षांत मला त्याचा पत्ता नव्हता. नंतर मला या दिशांचा नादच लागला. घड्याळाचे काटे तसेच का फिरतात? शाळेच्या मैदानावर आम्हाला डावीकडं वळत का पळवायचे, तिथं कुणाला उलटं कसं वाटलं नाही? आई जातं कुठल्या बाजूनं ओढायची, ते मात्र कितीही आठवलं तरी आठवत नाही. त्या दुपारी यातलं काहीच मनात नव्हतं. फक्त भूमिती होती.

"मग तू फिरीव," मी नसीमला म्हटलं.

तिनं वही खाली ठेवली आणि सात आठवड्यांत पहिल्यांदा दांडी हातात घेतली. हात इतका कच्चा की पावणी दोनदा दगडाला धडकली. मग वळली. बुरूज डाव्या हाताला. एक फेरी झाली. धुकं आलं नाही. दुसरी झाली, ते तीन सूर थांबले. तिसऱ्या फेरीला भिंतीतला एक दगड सरकला आणि तिथं काळं दार उघडलं.

मी किंचाळले. अम्मी पिठाचे हात घेऊन आली. "पोचली?"

आत फक्त जिना होता, गोल गोल वर जाणारा. नसीम चढवत राहिली. चढणं संपलं आणि पडदा बदलला. खजिना नव्हता, राजा नव्हता, अभिनंदनाची पाटी नव्हती. बुरुजावरून दिसणारा सगळा मुलूख एकाच पडद्यावर आला होता. नदी, पूल, त्यावर परत येऊन झोपलेला तो प्राणी, काटेरी रान, तीन विहिरी, आणि अगदी खालच्या कोपऱ्यात पावणीचं घर. उघड्या दारासकट.

मग सलीमभाई खाटेवरून उतरला. त्यानं नसीमचे चिकटवलेले कागद जमिनीवरून उचलले, उलगडले आणि टीव्हीशेजारी उभे धरले. पडद्याकडं बघितलं, कागदाकडं बघितलं. परत पडद्याकडं. आठ वर्षं तो नकाशे बघूनच पाइप जोडत होता. आपण काय बघतोय ते त्याला कळत होतं.

"हे तू काढलास? न बघता?"

"पावलं मोजून काढलो," नसीम म्हणाली. आमच्याकडं मुलीही अशाच बोलतात.

"अब्बा!" त्यानं दुकानाकडं तोंड करून हाक मारली. "जरा आत या."

रहीमचाचा आले, गळ्यात टेप, कानावर खडू. काय चाललंय ते त्यांना आधी कळेना. सलीमभाईनं सांगितलं. चाचांनी चष्मा वर सरकवला आणि गळ्यातला टेप काढून टीव्हीच्या काचेवर लावला. घरापासून पुलापर्यंत दोन इंच. तोच टेप कागदावर, आठ. विहिरीपासून रानापर्यंत तीन; कागदावर बारा. बुरुजापासून नदीपर्यंत. नदीपासून घरापर्यंत. मी मनातल्या मनात मारुतीला, परीक्षेसाठी घातलेल्या माझ्या सगळ्या फेऱ्या तिच्या नावावर कर म्हणून सांगत होते. माझी भूमिती गेली तरी चालेल असंही म्हटलं. म्हटलं खरंच.

चाचांनी टेप गुंडाळला.

"चौपट," ते म्हणाले. "सगळीकडं चौपट. एका सुताचा फरक न्हाय." मग त्या कागदांकडं बघून म्हणाले, "शर्टाच्या बाहीत माझा बी फरक पडतो कधीकधी."

"मग हिला हेच शिकू दे," सलीमभाई म्हणाला. दोन महिन्यांत तो पहिल्यांदाच "बघू" म्हणाला नाही. "इचलकरंजीला मी सांगून येतो."

अम्मीनं पिठाच्या हातांनीच नसीमचं तोंड धरलं. गालांवर पांढरे पंजे उमटले. नसीम रडत होती, मी रडत होते, आणि पलीकडून मिरचीचा खकाणा आल्यावर सगळेच शिंकायला लागले.

संध्याकाळी खोकं बांधायच्या आधी नसीमनं नकाशाची एक नक्कल काढून कॅसेटखाली ठेवली, आजऱ्याच्या पोरांसाठी. सगळं दाखवलं होतं तिनं. पूल, घंटा, विहिरी, बुरूज. बुरुजाला कुठल्या बाजूनं फिरायचं, तो बाण मात्र काढला नाही.

"तेवढं ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "न्हाय तर त्येनी काय करायचं?"

त्या पोरांना बुरूज उघडला की नाही, आम्हाला कधी कळलं नाही. ती आता पन्नाशीकडं आली असतील. हे वाचत असाल तर कळवा.

तुम्हाला मी सगळंच सांगून बसले आणि खेळाची मजा घालवली, हे खरं आहे. तरी खेळा. कळल्यानंतरही पावणीला उलटं वळवताना हात क्षणभर अडतोच, आणि तो कशानं अडतो हे बघण्यासारखं असतं.

नसीम आयटीआयला गेली. त्या वर्गात ती एकटी मुलगी होती. निम्म्या कोल्हापुरातल्या घरांच्या नकाशांवर तिच्या हातच्या रेघा आहेत, आमच्या घराच्या वरच्या मजल्याच्याही. मी भूमितीत पास झाले. मारुतीनं माझा तो नवस मनावर घेतला नसावा. आम्ही दोघी आता रोज सकाळी रंकाळ्याला फेरी मारतो. एकमेकींबरोबर नाही. मी अजून तळं उजव्या हाताला ठेवूनच चालते, पायच तसे वळतात. ती डाव्या हाताला ठेवून. स्वराला हे कळलं तेव्हा तिनं कपाळाला हात लावला. "मावशी, मैत्रिणी हाय नव्हं? मग एकत्र का चालत न्हाय?"

कारण निम्म्या वाटेवर ती समोरून येताना दिसते. लांबून, सकाळच्या धुक्यातनं, डोक्यावर डाळिंबी ओढणी. जवळ आली की रोज तेच विचारते, "पोचलीस काय गं?"

आणि मी रोज म्हणते, "न्हाय अजून."